पूर्ण नऊ दाते

किहोरो वा थुंबीला, म्हणजे थुंबीच्या किहोरोला, पुरताना पाद्रीबाबा म्हणाले, की तो मऊ स्वभावाचा, सगळ्यांचं ऐकून घेणारा माणूस होता. मी पुढेच बसले होते. वयाचा फायदा घेऊन मोठ्याने हसले. किहोरोने उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नाही. एकदाच ऐकलं, ते माझ्या कंपासचं, आणि त्यात त्याची सात महिन्यांची मेहनत चुलीत गेली. ती हकीकत लोक आता आपापल्या सोयीने सांगायला लागलेत, म्हणून मीच लिहून टाकते.

तो आमच्या गाथुमा डोंगरसोंडेवरचा सुतार. सोंडेच्या माथ्यावर चहा, उतारावर मका आणि केळी, तळाला गुरा नदी. नदीच्या अंगाला शेवटचं घर त्याचं. मधमाश्यांसाठी पोकळ केलेले ओंडके, उखळं, तिवया, पुढे माझ्या शाळेची बाकं; लाकडाचं जे म्हणाल ते तो करी. चहा खुडायचा त्याच्या बायकोने, जेदिदाने, मका पेरायचा तिनेच, आणि वर त्याला चार शब्द ऐकवायचे तेही तिनेच. "आमचे हे झाडांशी बोलतात. माझ्याशी बोलायचं तर मला आधी मुळं फुटायला हवीत," असं ती चारचौघांत सांगे. किहोरो मान डोलवी आणि तासत राही. पाद्रीबाबांना बहुतेक त्यावरूनच मऊ स्वभाव वाटला असेल.

या माणसाच्या आयुष्यात एक गोष्ट व्हायची राहून गेली होती.

आमच्याकडे सुंतेआधी पोरं नाचतात. पूर्वी नाचायची ती ढाल घालून. लढाईची ढाल कातड्याची, ती वेगळी. ही नाचाची, लाकडाची, एकाच खोडातून कोरलेली. बदामासारखी लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, मधोमध कोरलेला एक डोळा. पाठीमागे लाकडातच कोरून काढलेलं कडं, त्यात डावा दंड घालायचा. ढालीचं तोंड दरवर्षी खरवडायचं आणि पुन्हा रंगवायचं. त्या वर्षीची पोरं कोणती, कुठल्या सोंडेवरची, हे त्या रंगांवरून ओळखायचं. पाठ मात्र कधी रंगवायची नाही. पाठीवर वरपासून खालपर्यंत करवतीच्या दात्यांसारखी एक रांग कोरलेली असते आणि ती घालणाऱ्याच्या अंगाकडे राहते. तोंड लोकांनी बघायचं, पाठ ज्याची त्याने. बापाने घातलेली ढाल मुलगा घालतो. तोंडावर बापाचे रंग उरलेले नसतात, पाठीवर दाते तेच.

किहोरोचा बाप थुंबी आमच्या सोंडेवरचा ढाली कोरणारा. किहोरो तेरा वर्षांचा झाला आणि पुढच्या हंगामात ढाल घालणार, तेवढ्यात गोऱ्यांच्या राज्यातले ते वाईट दिवस आले. घरं पेटवली, सगळ्यांना खंदकाआड कुंपणात नेऊन कोंबलं. ढाल घराबरोबर गेली. थुंबी दोन वर्षांनी गोऱ्यांच्या कैदी-छावणीत वारला. किहोरोची सुंता कुंपणातच उरकली, पहारेकरी उभा असताना, नाच नाही, गाणं नाही. "बकरीसारखी," असं तो म्हणायचा, आणि एवढंच म्हणायचा.

पुढे तो न्येरी गावात एका शीख मिस्त्रीकडे कामाला लागला. मिस्त्रीने त्याला रंधा शिकवला, सांधे शिकवले, आणि एक लाकडी घडीची फूटपट्टी दिली. मोजल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही, हा मिस्त्रीचा कायदा. किहोरोने तो असा पाळला की जेदिदाने रताळ्याचा तुकडा पुढे ठेवला तरी पट्टी काढेल अशी भीती वाटावी. पट्टी कायम वरच्या खिशात. मला हा माणूस आवडायचा तो त्यामुळेच. मी गणित शिकवणारी, कंपालाच्या कॉलेजातून शिकून आलेली. सोंडेवर मोजणारी माणसं आम्ही दोनच. बाकी सगळ्यांना मोजण्याचा राग. मी वर्गात हजेरी घेताना पोरं मोजायची, म्हणून चाळीस वर्षं आयांच्या शिव्या खाल्ल्या. "बाई, माझं लेकरू काय रताळं आहे? डोकी मोजू नका, नजर लागते!"

स्वातंत्र्याला तीस-पस्तीस वर्षं झाल्यावर गोष्ट अशी झाली. पालकसभेत ठरलं की या डिसेंबरात पोरांना सुंतेसाठी दवाखान्यात नेण्याआधी शाळेच्या मैदानात जुन्या पद्धतीचा नाच करायचा. पोरं नुसतीच इंजेक्शन घेतल्यासारखी जाऊन येतात, हे कुणालाच बरं वाटत नव्हतं. सभेचा अध्यक्ष नाहाशोन. चहा गोळा करण्याच्या केंद्राचा प्रमुख, चर्चचा पंच, आणि कुठलंही काम तारखेला झालंच पाहिजे म्हणणारा.

"हातात काहीतरी हवं," नाहाशोन म्हणाला. "हमरस्त्यावर पर्यटकांसाठी ढाली विकतात. तिथून एक आणू. लाल, मध्ये पांढरं. आपल्या झेंड्यावर असते ना, तशी."

मागच्या भिंतीला टेकून बसलेला किहोरो उठला. सभेत तो कधी उठत नसे.

"ती मासाईंची ढाल आहे," तो म्हणाला. "कातड्याची. आपली पोरं मासाई आहेत का?"

"अरे मिस्त्री, देशाच्या झेंड्यावर आहे. सगळ्यांचीच झाली ती."

"झेंड्यावर राहू दे. पोराच्या दंडात आपली जाईल. मी कोरतो."

"तू कधी कोरली आहेस का?"

"नाही."

"पाहिली तरी आहेस का नीट?"

"माझ्या बापाची मी दंडात घालून बघितली आहे," किहोरो म्हणाला आणि खाली बसला. विषय संपला. निदान त्याच्या दृष्टीने.

त्याला घाई का होती ते मला ठाऊक होतं, नाहाशोनला नव्हतं. महिन्याभरापूर्वी शाळेची खिडकी दुरुस्त करताना त्याने खिळा समजून माझ्या टेबलावरचा खडू उचलला होता. डाव्या डोळ्यात ढग आला होता, उजव्यात यायला लागला होता. मी ओरडले, "दवाखान्यात जा." तो म्हणाला, "जातो, ढाल झाल्यावर." "तोवर दिसायचं बंद होईल." "म्हणूनच आधी ढाल," तो म्हणाला. आता सांगा, यात ऐकून घेणारा माणूस कुठे दिसतो?

एप्रिलमध्ये त्याने आपल्या बांधावरचं मुरिंगाचं झाड पाडलं. मुरिंगाचं लाकूड हलकं, चिवट, मधमाश्यांनाही तेच आवडतं. पाडण्याआधी जुन्या रीतीने बुंध्याशी मधाची दारू शिंपडली. नाहाशोनपर्यंत ही बातमी पोचली आणि चर्चमध्ये थोडी कुरकुर झाली. पण बाटलीत उरलेली दारू कुणी प्यायली याची चौकशी नको म्हणून ती लवकर थांबली. खोडाचा हातापेक्षा लांब तुकडा घेतला, पाचर मारून उभा फाडला. दोन फाळ झाले. एक कामाला घेतला. दुसऱ्याच्या कडांना शेण फासून गोठ्यात गवताखाली ठेवला, मधमाश्यांचा ओंडका करायला होईल म्हणून.

कुऱ्हाडीने आकार काढला, वाकसाने तासून घेतला. तोंडाची बाजू गुळगुळीत, पाठीला कड्यासाठी उंचवटा ठेवलेला. आणि मग एका शनिवारी तो फाळ खांद्यावर घेऊन माझ्या दारात आला.

"बाई, दाते आखून द्या."

"किती?"

"नऊ. रांग तीस बोटांची."

"कशावरून?"

त्याने पायरीवर बसून सांगितलं. बापाची झोपडी, दुपारची वेळ, आत धूर आणि काळोख. बापाने ढाल त्याच्या दंडात सरकवली, त्याचं दुसऱ्या हाताचं बोट धरून पाठीवर टेकवलं आणि म्हणाला, मोज. किहोरो मोठ्याने मोजत गेला. एक, दोन, तीन. नऊ म्हटलं आणि बापाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाला, "बस. पूर्ण नऊ." आणि हसला. मग बापाने आपली बोटं टेकवत सगळी रांग मोजून दाखवली. तीस बोटं.

"मुंबीच्या मुली," किहोरो म्हणाला. मुंबी म्हणजे आमची सगळ्यांची मूळ आई. "एकेक दाता एकेक मुलगी. आपली कुळं. ती अंगाला लागून हवीत."

मी कंपास काढला. तीस भागिले नऊ. भाग जाईना. तीन बोटं आणि वर बोटाचा तिसरा हिस्सा.

"बोटाचा तिसरा हिस्सा तुझ्या बापाने कसा काढला असेल रे?" मी विचारलं.

"त्याच्याकडे हात होते," किहोरो म्हणाला. "तुमच्याकडे कंपास आहे."

मी खुलले. लाकडावर पेन्सिलीने नऊ भाग असे चोख आखून दिले की कॉलेजातल्या माझ्या प्राध्यापकांनी पाठ थोपटली असती. दोघांनी पट्टी लावून तीनदा तपासलं. एका केसाचा फरक नव्हता. मला तिथेच थांबायला हवं होतं. न जाणारा भाग समोर पडला होता आणि मी तो कंपासने दडपून बसवला.

तो पुढचे महिने कोरत राहिला. चिरे पडू नयेत म्हणून लाकूड सावलीत ठेवायचं, दिवसाला थोडंच काम करायचं, मग ओलं गोणपाट टाकायचं. दाते पटाशीने, दंडाचं कडं वाकड्या सुरीने. कडं म्हणजे खरं कसब. ते ढालीला जोडलेलं नसतं, ढालीतूनच निघतं. आतून पोकळ करताना सुरी घसरली तर सगळं मातीमोल. जेदिदा रोज काहीतरी बोलायची. "माझं उखळ तडकून दोन वर्षं झाली. ढालीत मका कुटू का?" तो म्हणायचा, "कूट, पण रंगाआधी." शेवटी खरखरीत पानांनी घासून एरंडेल चोळलं. ऑक्टोबरच्या अखेरीला ढाल तयार झाली. नाहाशोन बघायला आला, टिचकी मारून आवाज ऐकला, म्हणाला, "झकास. रंगवून टाक. पाच आठवडे आधी काम पुरं, याला म्हणतात माणूस."

"आत्याला दाखवतो आधी," किहोरो म्हणाला.

त्याची आत्या न्यागुथी, थुंबीची थोरली बहीण, तेव्हा नव्वदीला टेकलेली. डोळे पुरते गेलेले, जीभ शाबूत. उन्हात गोणपाटावर बसून घेवडा सोलत असायची. मी बरोबर गेले, कारण आखणी माझी आणि कौतुकात वाटा हवा होता.

"आत्या, ढाल आणली आहे. हात लावून बघ."

"मी? बायकांनी हात लावायचा नाही म्हणतात तुम्ही बाप्ये."

"बाबा म्हणायचे तसं."

"तुझा बाप म्हणायचा! आणि ढालीला तेल कोण चोळायचं? तो? त्याला एरंडेलाचा वास आला की ओकारी यायची. सगळ्या ढालींना तेल मी चोळलं, बारा हंगाम. आण इकडे."

तिने आधी तोंडावरून हात फिरवला, डोळ्यात बोट घातलं, कड्यात मनगट घालून बघितलं. "कडं छान. बापापेक्षा बरं. हे सांगू नको त्याला, वर गेलास की." मग ढाल उलटी केली. अंगठा वरच्या दात्यावर ठेवला आणि खाली उतरत गेली. ओठ हलत होते. शेवटच्या दात्याखाली अंगठा सपाट लाकडावर गेला. ती परत वर गेली. परत उतरली. अंगठा पुन्हा सपाट लाकडावर.

"उरलेली कुठाय?" तिने विचारलं.

"कोण उरलेली?"

"अरे, मुलगी. एक कुठे टाकलीस?"

"नऊ आहेत, आत्या. पूर्ण नऊ. बाबांनी मला मोजायला लावलं होतं. नऊवर थांबवलं."

"तोंडावर हात ठेवला ना?"

"हो."

"आणि हसला?"

किहोरोने मान डोलवली.

"तोंडावर ठेवला," न्यागुथी म्हणाली. "बोटावर नाही ठेवला. तुझं बोट कुठे होतं रे तेव्हा, गाढवा?"

मुंबीच्या मुली आम्ही नऊ म्हणतो. आहेत दहा. माणसांची गणती शेवटपर्यंत तोंडाने करायची नाही, शेवटचं माणूस उघडं पाडायचं नाही, म्हणून नऊवर थांबायचं आणि 'पूर्ण' म्हणायचं. पूर्ण म्हणजे अजून एक आहे, तिला आपण बोलत नाही. हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. किहोरोलाही कळत होतं. शेजारणीला मुलं किती म्हटलं तर तोही 'पूर्ण नऊ' म्हणाला असता आणि दहा समजला असता. पण ढालीच्या बाबतीत त्याला आठवत होता स्वतःचा आवाज, आणि आवाज नऊवर थांबला होता. आणि मी? मला तीसला दहाने भागता येत नव्हतं का? तीन बोटं. सरळ तीन. मी हे तिसरीच्या वर्गाला शिकवायची.

किहोरोने डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट हवेत धरलं आणि हळूहळू खाली आणलं. मी बघत होते. नऊपर्यंत त्याचे ओठ हलले, मग मिटले, आणि बोट आणखी एक पायरी खाली उतरलं. तो तिथेच बोट धरून बसला. म्हातारी घेवडा सोलत राहिली.

"होती," तो म्हणाला. "होती खाली एक. कोपराला लागायची."

परतताना चढावर मी काय काय बोलले ते मला आठवतं आणि लाज वाटते. शेवटच्या दात्याखाली जागा आहे, तिथे एक बारका बसवू. वेगळा कोरून डिंकाने चिकटवू. पाठ कोण बघतं? तो थांबला आणि खिशातून फूटपट्टी काढून माझ्या हातात दिली.

"ही तुमच्याकडे ठेवा," म्हणाला. "जीव अडकतो हिच्यात."

दुसऱ्या दिवशी नाहाशोन तणतणत त्याच्या अंगणात आला. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"मिस्त्री, तारीख ठरली आहे! दवाखान्याला कळवलंय. पाच आठवड्यांत दुसरी कशी होणार? पहिलीला सात महिने लागले!"

"पहिलीच्या वेळी मला येत नव्हतं."

"आणि डोळे? लोक सांगतात तुला दिसत नाही." हे मात्र मी सांगितलं नव्हतं. जेदिदाने सांगितलं असावं, रागाने. "अरे, पाठ अंगाकडे असते. पोराच्या दंडाशिवाय कुणाला दिसणार आहे?"

"पोराच्या दंडाला दिसेल."

"मग तोंडावर तरी झेंडा काढू. तेवढं माझं ऐक."

"तोंड तुमचं," किहोरो म्हणाला. "झेंडा काढा, चहाचं पान काढा, स्वतःचा फोटो चिकटवा. वर्षाने खरवडायचंच आहे. पाठीचं मला बोलू नका."

नाहाशोन माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही शिकलेल्या. सांगा याला."

"मी आखून दिलं म्हणून तर हे झालं," मी म्हटलं. पहिल्यांदा कबुली दिली, ती नाहाशोनसमोर द्यावी लागली, हे मला आजही टोचतं.

गोठ्यातला दुसरा फाळ बाहेर निघाला. सात महिने शेणात आणि गवतात मुरलेला, एक चीर नव्हती त्याला. मी विचारलं, आखून देऊ का. तो हसला सुद्धा नाही. खाली बसून त्याने फाळावर तीन बोटं टेकवली, बाजूला नखाने खूण केली. पुन्हा तीन, पुन्हा खूण. तोंडाने एक शब्द नाही. डोळे बहुतेक मिटलेलेच. उजेडात त्याला उलट जास्त त्रास व्हायचा, सगळं पांढरं दिसायचं. दारात पाठ करून बसायचा आणि अंगठा पटाशीच्या पुढे चालवायचा. आधी अंगठा, मग धार. दोनदा अंगठा कापला. जेदिदा केळीच्या सालीची पट्टी बांधायची आणि बडबडायची, "तेवीस वर्षं माझ्याकडे असं बघितलं असतंत हाताने..." मग माझ्याकडे बघून गाठ आवळायची.

एक गोष्ट तिने केली ती सांगायला हवी. चौथ्या आठवड्यात, कडं पोकळ करायची वेळ आली तेव्हा किहोरोचा हात थबकला. सुरी कुठे जाते ते आत दिसत नव्हतं. जेदिदा चहाच्या टोपलीसकट आली, टोपली उतरवून त्याच्यासमोर बसली आणि आपला दंड पुढे केला. "घ्या. पोराच्या दंडाएवढाच उरलाय काम करून करून. चाचपा आणि तेवढं खोदा." पाच दिवस ती चहा खुडण्याची दुपारची एक फेरी बुडवून त्याच्यासमोर दंड उघडा टाकून बसली. तो एक हात तिच्या दंडावर, एक सुरीवर. दोघांचं भांडण सगळा वेळ चालूच. कड्यावर ओरखडा आला नाही.

पहिली ढाल मी मागितली होती. म्हटलं, ऑफिसात लावते, कोरीव काम सुंदर आहे, नऊ दाते तर नऊ दाते. किहोरोने ऐकून घेतलं, उठला, कुऱ्हाड आणली आणि माझ्यादेखत तिचे चार तुकडे केले.

"अरे, अरे!"

"बाई, मी मेल्यावर एखादा शहाणा येईल, तुमच्या भिंतीवरची मोजेल आणि म्हणेल, गाथुमाच्या ढालीला नऊ. मग ती एक कायमची गेली." तुकडे जेदिदाच्या चुलीत गेले. मका-घेवडा शिजायला वेळ लागतो; त्या दिवशी लवकर शिजला. एरंडेल होतं ना आत. मीही दोन वाट्या खाल्ल्या.

नाचाच्या आदल्या दिवशी ढाल झाली. तोंड रंगवण्यावरून सभेत भांडण जुंपलं, झेंडा हरला. पांढऱ्या मातीवर काळे पट्टे, कडेला तांबडी माती, आणि डोळ्याच्या वर पोरांनी चहाची दोन पानं आणि कळी काढली. नाहाशोनने तो आपल्याला दिलेला मान समजून घेतला. चहाच्या गाडीतून तो स्वतः न्यागुथीला मैदानावर घेऊन आला, पानांच्या पोत्यांवर बसवून.

"किती दाते केलेस मग?" त्याने सगळ्यांसमोर किहोरोला विचारलं. त्याला बोलायला लावायचं होतं.

"पूर्ण नऊ," किहोरो म्हणाला.

नाहाशोनने मान डोलवली. शेवटी तोही इथलाच.

न्यागुथीच्या मांडीवर ढाल ठेवली. अंगठा वर ठेवून ती उतरू लागली. मैदानावर पोरं, आया, धूळ, ढोल, सगळं चालू होतं. आम्ही चौघं, जेदिदासकट, तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. म्हणजे तिघं बघत होतो. किहोरो मान कलती करून ऐकत असल्यासारखा उभा होता. तिचे ओठ हलत राहिले, मग थांबले. अंगठा थांबला नाही. एक पायरी आणखी उतरला आणि शेवटच्या दात्यावर टेकला. ती किहोरोचा तळहात ओढून त्यात थुंकली. आमच्यात याहून मोठा आशीर्वाद नाही. मग म्हणाली, "तेल कमी चोळलंयस."

पोरांची रांग लागली. माझं बोट सवयीने उठलं होतं मोजायला. मी ते खाली घेतलं. सगळ्यात पुढच्या पोराच्या दंडात किहोरोने स्वतः ढाल सरकवली. नदीपलीकडच्या विधवेचा मुलगा, काटकुळा, नाच बघण्यासारखा करायचा. कडं दंडावर बसलं. पोराने हात वर-खाली करून बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?" किहोरोने विचारलं.

"काका, मागून टोचतंय."

"कुठे?"

"कोपराला. सगळ्यात खालचा."

"नीट सांग. सगळ्यात खालचाच ना?"

"हो. घासून देता का थोडा?"

किहोरोने त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला मैदानात ढकललं.

"टोचू दे," तो म्हणाला. "नाच."